धूम्रकेशाचं हसणं राहिलं

विश्राम गुप्ते तर्कशास्त्र घेऊन बी. ए. झाला होता, आणि ही गोष्ट कंपनीत सगळ्यांना माहीत होती, कारण ती तो स्वतःच सांगत असे. विठ्ठलवाडीला एका पत्र्याच्या गोदामाबाहेर कागदाच्या लगद्याचे राक्षस उन्हात वाळत घालणाऱ्या माणसाला आपण तर्कशास्त्र शिकलो आहोत हे अधूनमधून मोठ्यानं म्हणावं लागतं. नाही तर विसरायला होतं.

गोदाम लष्कराचं. लढाई संपली, लष्कर गेलं, छावणीत निर्वासितांची बिऱ्हाडं आली, आणि कडेचं हे एक गोदाम कुणालाच नको होतं म्हणून दौलतराव सामंतांना भाड्यानं मिळालं. दौलतराव जादूचे बोलपट काढत. या खेपेला त्यांनी एकदम तीन काढायला घेतले होते. गोष्ट एकच, भाग तीन. पहिल्या भागाच्या शेवटी राजपुत्राला कड्यावरून लोंबकळत सोडायचं आणि लोकांनी दुसऱ्या भागाचं तिकीट काढल्याशिवाय वर घ्यायचं नाही, अशी योजना. चित्राचं नाव इतक्या वेळा बदललं की सगळे त्याला नुसतं 'तीन भाग' म्हणत. विश्रामकडे संवाद लिहिणं, नटांना वेळेवर हजर करणं, कच्ची फिल्म पुरवून पुरवून वापरणं आणि भोपळे आणणं ही कामं होती. हुद्दा सहायक दिग्दर्शकाचा. डोंबिवलीत शेजाऱ्यांना तो 'सिनेमात असतो' एवढंच सांगायचा. पुढं भोपळ्यापर्यंत जायचा नाही.

भोपळ्यांचं असं होतं. चित्रात धूम्रकेश नावाचा जादूगार होता आणि त्याचा जीव एका सोन्याच्या दुधी भोपळ्यात होता. भोपळा फुटेपर्यंत त्याला मरण नाही. भोपळा प्लास्टरचा केला तर प्लास्टरसारखाच फुटतो, म्हणून दौलतरावांना खरा हवा होता. विश्राम कल्याणच्या बाजारातून दुधी निवडून आणी. त्यातल्या देखण्या दुध्यांना सोनेरी रंग लागे आणि उरलेल्यांची भाजी होई. राजपुत्र, राजकन्या आणि अप्सरा असे सगळे पंगतीला बसून रोज दुधी जेवत, आणि जादूगाराविषयी त्यांच्या चेहऱ्यावर जो संताप दिसायचा तो अगदी अस्सल असायचा.

धूम्रकेशाचं काम भाऊ ओतुरकर करत. भाऊ कल्याणचे, पारनाक्याला दोन खोल्यांत राहणारे, साठी उलटलेले. उभी हयात नाटक कंपनीत गेली. कंपनी बुडाली तशी ती बुडवणाऱ्या बोलपटांतच त्यांनी नोकरी धरली, आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. अंगकाठी किरकोळ, पण हसणं असं की गोदामाचे पत्रे थरथरत. पारनाक्यावरच्या आया म्हणे मुलांना भरवताना सांगत, जेव, नाही तर भाऊआजोबांना हसायला सांगीन.

कंपनीचा एक रिवाज होता. पडद्यावर जो मेला त्यानं मेल्या जागेवरून, त्याच वेषात उठायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं आणि हसायचं. तेवढा तुकडा घ्यायचा. तो चित्रात लागत नसे. पत्र्याच्या एका डब्यात जाऊन पडे, आणि त्या डब्याकडे पुन्हा कुणी बघत नसे. दौलतराव एरवी फिल्मच्या वितीवितीसाठी जीव टाकत, पण या एका बाबतीत हूं की चूं करत नसत. भाऊंनी ती चाल नाटकातून आणली होती, असं म्हणत. तिथं मेलेल्यानं शेवटी सगळ्यांबरोबर पडद्यापुढं उभं राहून दाखवायचं असतं.

धूम्रकेशाच्या बाबतीत मात्र जरा घोळ होता. तो तीन वेळा मरत होता. पहिल्या भागाच्या शेवटी मरे आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला भोपळ्याच्या बळावर उठून हसे. दुसऱ्याच्या शेवटी मरे, तिसऱ्यात पुन्हा उठे. तेव्हा त्या दोन मरणांना वेगळं हसणं घ्यायची गरज नव्हती. गोष्टच त्याला उठवत होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी मात्र तो कायमचा मरणार होता. आणि गुहेचा देखावा एकदाच उभारलेला असल्यामुळं आधी सगळी उठणी घेतली गेली आणि मग सगळी मरणं. हा क्रम सोयीचा होता. सोय पाहणाऱ्याचं नाव विश्राम गुप्ते.

ज्या दिवशी शेवटचं मरण होतं त्या दिवशी दौलतराव मुंबईला गेले होते आणि गोदाम विश्रामच्या ताब्यात होतं. वीज सारखी जात होती. गुहेत धूर हवा म्हणून शेणाच्या गोवऱ्या पेटवल्या होत्या. भाऊ सकाळपासून शिळेवर पडून होते. शिळा म्हणजे लाकडी खोक्यावर गोणपाट ताणून त्यावर दिलेलं प्लास्टर. छातीवर हात, डोळे मिटलेले, डोक्याला शिंगं. वीज आली की भाऊ मरत, गेली की तसेच पडून वाट बघत. दुपार टळल्यावर एकदाचा मनासारखा मृत्यू झाला.

कॅमेरा चालवणारा पोपट म्हात्रे कंपनीच्या जादूखात्याचाही प्रमुख होता. राजकन्येला हवेत उडवायची तार तोच ओढी. त्यानं कॅमेऱ्याची घरघर दाबायला वर टाकलेली गोधडी जरा बाजूला केली आणि विचारलं, "गुप्तेसाहेब, भाऊंचं हसणं घेऊ ना?"

विश्रामनं मनाशी हिशेब केला. फिल्मचा एकच लहान तुकडा उरला होता, आणि तो खडवलीला नदीवर लागणार होता. सोनेरी भोपळा पाण्यावर वाहत जाऊन फुटतो आणि गोष्ट संपते, तो शेवट अजून घ्यायचा होता. नवी फिल्म कधी मिळेल ते दिल्लीत परवाने देत बसलेल्या माणसांनाच ठाऊक.

"ते घेतलंय," विश्राम म्हणाला.

"कधी?"

"सोमवारी. दुसऱ्या भागात उठतो तो. उठला, हसला. आणखी काय पाहिजे?"

"पन तवा ते मेले नव्हते."

"चित्रात मेला होता की."

"चित्रात हां. पन मरायचं तर आज झालं ना."

"पोपट, माणूस तोच, वेष तोच, शिळा तीच. आधी उठला काय आणि नंतर उठला काय, कॅमेऱ्याला काय फरक पडतो?"

पोपटनं कॅमेऱ्याकडे पाहिलं, जणू त्यालाच विचारावं. "कॅमेऱ्याला नाय पडत," तो म्हणाला आणि दिवे घालवले.

भाऊ अंधारात उठून बसले. धुरानं त्यांना ठसका लागला होता. तो थांबल्यावर त्यांनी विचारलं, "अरे, माझं राहिलं ना?"

"नंतर घेऊ, भाऊ."

"बरं," भाऊ म्हणाले. थोडा वेळ ते तिथंच बसून राहिले, मग शिंगं काढून काखेत धरली आणि बाहेर पडले. त्या दिवशी त्यांनी भाजीला नावंही ठेवली नाहीत.

*

भाऊ आजारी पडल्याचा निरोप आला तेव्हा गुहा मोडायला घेतली होती. डॉक्टरांनी छातीत कफ आणि हृदय थकलेलं, असं निदान केलं होतं. विश्रामला ते पटलं. दिवसभर गोवऱ्यांचा धूर खाल्ल्यावर साठीच्या माणसाला आणखी काय होणार. तो दोन मोसंबी घेऊन पारनाक्याला गेला.

दार मंदाकिनीबाईंनी उघडलं. भाऊंच्या पत्नी. कंपनीत सगळे त्यांना मंदावहिनी म्हणत. बाई मोजकं बोलायच्या; नाटकवाल्याच्या घरात दोघांपैकी एकानं तरी तसं असावं लागतं.

"या भावजी," त्या म्हणाल्या. "बघा, तुमच्यानं काही होतंय का."

भाऊ मधल्या खोलीत चटईवर उताणे पडले होते. डोळे मिटलेले, हात छातीवर. विश्राम उंबऱ्यातच थांबला. बोटांची ठेवणसुद्धा तीच होती. ती त्यानंच बसवून दिली होती, डावा हात वर म्हणजे अंगठी दिसते.

"कुशीवर वळत नाहीत," मंदावहिनी हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी वळवते, परत तसेच होतात. जेवण म्हणजे दोन घास. रागावून झालं, रडून झालं. मला बघवत नाही हो हे असं."

भाऊंनी डोळे उघडले. "कोण, विश्राम? बस. मोसंबी कशाला आणलीस, दुधी आणायचास." आवाज खोल गेला होता.

विश्राम बसला. कंपनीच्या चार गोष्टी सांगून झाल्या. मग तोच म्हणाला, "भाऊ, डॉक्टर म्हणतात ते धुरामुळं झालंय."

"असेल."

"ते हसण्याचं मनात ठेवलं नाहीत ना?"

भाऊ आढ्याकडे बघत म्हणाले, "आमच्या कंपनीत राघो म्हणून एक पोरगा होता. अभिमन्यू करायचा. फार गोड मरायचा. एकदा साताऱ्याला खेळ होता, त्याला गावी जायला मोटार गाठायची होती. चक्रव्यूहात मेला, विंगेत आला, रंग पुसला आणि गेला. शेवटी सगळ्यांबरोबर उभा राहिला नाही."

"मग?"

"मग काय. पोस्टात लागला."

विश्रामला हसू येणार होतं, पण भाऊंचा चेहरा तसा नव्हता.

"चांगला पेन्शनीत निघाला. पोरंबाळं आहेत. मला भेटतो कधीमधी. पण विश्राम, तो राघो नाही रे. तो तिथं साताऱ्यालाच पडलाय. मी काही तुला बोल लावत नाही. फिल्म नव्हती, मला कळतं. पण इथं पडलो की वाटतं, खाली ती शिळाच आहे. ऊठ म्हणणारा कुणी आलाच नाही."

विश्रामनं मोसंबं सोललं. भाऊंनी एक फोड खाल्ली आणि पुन्हा हात छातीवर घेतले.

घरी जेवताना त्यानं हे सगळं बायकोला सांगितलं. सुमेधा डोंबिवलीच्या शाळेत गणित शिकवायची. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "तुम्ही पोपटला जे सांगितलंत ते तर्काला धरून होतं?"

"होतं की."

"मग भात का चिवडताय?"

"अगं, म्हाताऱ्या माणसाच्या मनाचा खेळ आहे तो. आपण असल्या गोष्टी मानायला लागलो तर संपलंच."

"तुम्ही मानू नका. त्यांचं हसणं तुम्ही घ्यायचं होतं, ते घेतलं नाहीत, एवढंच आहे ना? यात मानण्या-न मानण्याचं काय आलं?" तिनं त्याच्या पानात ताक वाढलं. "शेजारी दर सत्यनारायणाला बोलावतात तेव्हा प्रसाद दोनदा घेता. तेव्हा कधी विचारत नाही मी."

*

दौलतराव परत आले होते. विश्रामनं सांगितलेलं त्यांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण शेवट नसलेलं चित्र कुणी विकत घेत नाही हे त्यांना फार चांगलं ठाऊक होतं.

"खडवलीचा तुकडा भाऊंच्या हसण्याला द्यायचा, आणि मग भोपळा कशावर घ्यायचा?"

"नवी फिल्म आल्यावर."

"नवी फिल्म दिवाळीत येईल. तोवर धूम्रकेश मेला हे लोकांना मी पत्र पाठवून कळवू?"

पोपट बाजूला तारा गुंडाळत होता. तो म्हणाला, "साहेब, फिल्म कशाला पायजे? कॅमेरा नेऊ, नुसता चालवू. भाऊ उठतील, हसतील. त्यांना बरं वाटलं म्हंजे झालं."

दौलतरावांनी विश्रामकडे पाहिलं. विश्रामनं विचार केला. हे सरळ होतं. भाऊंना हवं होतं ते उठणं आणि हसणं. डब्यात काय पडतं ते कुणी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा डबा रिकामा असला तरी फरक काहीच नाही. हा युक्तिवाद आधीच्यासारखाच बिनतोड होता, आणि तेवढ्यासाठीच विश्रामला तो आवडला नाही. पण तो "ठीक आहे" म्हणाला.

मंदावहिनींनी आधी नकार दिला. "त्यांना उठवून बसवायचं, शिंगं लावायची, वर हसायला लावायचं? छातीत काही झालं म्हणजे?" मग त्या म्हणाल्या, "आणा. असं निजलेलं बघण्यापेक्षा ते बरं."

शिळा न्यायलाच हवी होती. जिथं मेला तिथूनच उठायचं, हा रिवाज. रविवारी सकाळी विठ्ठलवाडीहून टांगा निघाला. पुढं कॅमेरा मांडीवर घेऊन पोपट, मागं शिळेला मिठी मारून विश्राम. छावणीतल्या पोरांनी बराच लांबपर्यंत पाठलाग केला. पारनाक्याला टांगेवाल्यानंही हात लावला, तेव्हा शिळा जिन्यातून वर गेली. एका कोपऱ्याचं प्लास्टर पडलं ते पोपटनं खिशात घातलं.

भाऊंनी स्वतःच रंग लावला होता. आरसा मंदावहिनींनी धरला होता. एक भुवई दुसरीपेक्षा वर चढली होती. दाढी गोंदानं चिकटवली, काळा झगा घातला, शिंगं बांधली. मग ते शिळेवर निजले, छातीवर हात घेतले, डोळे मिटले.

घराच्या मधल्या खोलीत, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींखाली, तो देह पडलेला होता. मंदावहिनी स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. पोपटनं खिडकी सताड उघडली, तिवई लावली, कॅमेऱ्यावर गोधडी टाकली. गोधडीची इथं काही जरूर नव्हती. आवाज कुठं घ्यायचा होता? पण पोपट म्हणाला, नेहमीसारखं दिसू दे.

"भाऊ, चालू करतो," विश्राम म्हणाला. कॅमेरा घरघरू लागला. "उठा."

भाऊंनी डोळे उघडले. कोपर टेकून हळूहळू उठून बसले. कॅमेऱ्याच्या डोळ्यात रोखून बघितलं, छाती भरून घेतली, तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा श्वास घेतला. या वेळी घशातून नुसती हवा बाहेर आली. तिसऱ्यांदा खोकला आला. खोकल्यानं शिंगं हलली. विश्रामनं पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यांनी हातानं नको म्हटलं. चौथ्यांदा त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, जणू आतून काहीतरी ओढून काढायचं होतं. पत्रे थरथरवणारा माणूस आपल्या घराच्या खोलीत आवाजाची वाट बघत बसला होता, आणि कॅमेरा घरघरत होता.

"येत नाही रे," भाऊ म्हणाले. मग घाईघाईनं, ओशाळून, "बंद करा, बंद करा. तुमची फिल्म उगीच फुकट चालली."

विश्रामला वाटलं, आता बंद म्हणावं, भाऊंना आडवं करावं आणि शिळा खाली न्यावी. तोंडातून मात्र दुसरंच आलं.

"फुकट नाही चाललेली, भाऊ."

"अरे नाही कशी? हातभर तरी गेली असेल."

"कॅमेऱ्यात फिल्म नाही."

पोपट गोधडीआड ताठ झाला. घाबरून त्यानं कॅमेरा बंदच केला नाही.

भाऊंनी आधी विश्रामकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे, मग खाली शिळेकडे. बोटानं प्लास्टर चाचपलं.

"म्हणजे ही शिळा तुम्ही विठ्ठलवाडीहून आणलीत."

"हो."

"टांग्यातून."

"हो."

"जिन्यावरून दोघांनी वर चढवलीत?"

"तिघांनी. टांगेवाला होता."

"आणि फिल्म नाही."

"नाही, भाऊ. जो तुकडा आहे तो खडवलीसाठी ठेवलाय. मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

भाऊंचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "आणि मी शिंगं लावून बसलोय."

विश्राम खाली मान घालून उभा राहिला. मग त्याला भाऊंच्या पोटातून काहीतरी हलल्यासारखा आवाज आला. त्यानं वर पाहिलं. भाऊ हसत होते. ते धूम्रकेशाचं हसणं नव्हतं. पत्ते खेळताना शेजाऱ्यानं हुकूम चुकवल्यावर माणूस ओट्यावर हसतो, तसलं ते हसणं होतं, सैल आणि बेशिस्त. ते आधी पोटात होतं, मग खांद्यांत आलं, मग सगळी खोली भरून गेलं. दाढी एका बाजूनं सुटून हनुवटीखाली लोंबू लागली. भाऊंनी ती धरायचा प्रयत्न केला आणि ते जमत नाही म्हणून आणखी हसले. "टांगेवाला सुद्धा," ते मध्येच म्हणाले आणि मांडीवर हात मारला.

मंदावहिनी हातात पळी घेऊन दारात आल्या. "काय झालं?"

"अगं, फिल्मच नाही," भाऊ म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काळ्या रंगाचे ओघळ गालावर उतरत होते. "बंद कर रे पोपट. फिल्म फुकट घालवू नकोस." आणि त्यांना नव्यानं हसू आलं.

मंदावहिनी उंबऱ्यावर बसल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते विश्रामनं पाहिलं नाही.

भाऊ शांत झाले तेव्हा पाय खाली सोडून, कुणाचा हात न घेता, शिळेवरून उतरले. शिंगं सोडली आणि विश्रामच्या हातात दिली.

"मी फिल्म आणतो, भाऊ," विश्राम म्हणाला. "दौलतराव काय म्हणायचं ते म्हणोत. संध्याकाळच्या आत येतो."

"कशाला?"

"हसणं घ्यायचं राहिलं."

"राहिलं कुठं? तू इथंच होतास ना?"

"होतो."

"मग झालं. नाटकात कुठं फिल्म होती?" भाऊ चटईवर टेकले. "माणूस उठला हे समोरच्यानं बघायचं असतं, एवढंच आहे ते. तू भोपळा फोड नीट. पाण्यात फोडताना आधी मागून चीर द्या, नाही तर तरंगत मुंबईला जाईल. मंदा, भूक लागलीय गं."

दुपारी वहिनींनी सगळ्यांना जेवायला घातलं. भाजी दुधीची नव्हती. जेवण झाल्यावर भाऊ भिंतीकडे तोंड करून, कुशीवर, हात उशीखाली घेऊन झोपले. पोपट आणि विश्राम आवाज न करता शिळा खाली न्यायला बघत होते. वहिनी म्हणाल्या, "राहू दे आज. ते जागे व्हायचे."

*

खडवलीला भोपळ्याला मागून चीर दिली होती, तरी तो वेळेवर फुटला नाही. कॅमेऱ्यासमोरून ऐटीत वाहत गेला आणि पार कडेला, चित्राच्या चौकटीबाहेर जाता जाता फुटला. फिल्म संपली होती. दौलतराव म्हणाले, चालेल, लोकांना कळेल.

भाऊ त्यानंतर महिनाभर होते. ओट्यावर येऊन बसू लागले होते. एके दिवशी पहाटे गेले, झोपेतच. विश्राम गेला तेव्हा वहिनी त्याला फक्त एवढंच म्हणाल्या, "कुशीवर होते." मग थोड्या वेळानं परत म्हणाल्या, "कुशीवर होते हो."

चित्र जुळवताना विश्रामनं दौलतरावांपुढं एक गोष्ट काढली. तिसऱ्या भागात 'समाप्त' अशी पाटी आली की त्यानंतर एक तुकडा जोडावा. सोमवारी घेतलेला, दुसऱ्या भागातला. धूम्रकेश शिळेवरून उठतो आणि हसतो.

"समाप्त म्हटल्यावर लोक जायला उठतात," दौलतराव म्हणाले. "बघणार कोण?"

"उठता उठता बघतील."

"मग तो मेला की नाही?"

"ते चौथ्या भागात कळेल."

"चौथा भाग आहे?"

"नाही."

दौलतरावांनी चष्मा पुसला. "पण असू शकतो," ते सावकाश म्हणाले, आणि जोडा म्हणाले.

कल्याणच्या थेटरात तिसरा भाग लागला तेव्हा मंदावहिनी आल्या. भाऊंना जाऊन वर्ष व्हायचं होतं अजून. पारनाक्यावर बायका बोलल्याही असतील. त्या मागच्या रांगेत सुमेधा आणि विश्राम यांच्या मध्ये बसल्या. धूम्रकेश धुरात मेला तेव्हा पुढच्या पोरांनी टाळ्या पिटल्या. विश्रामनं वहिनींकडे पाहिलं नाही. सोनेरी भोपळा वाहत गेला, कडेला कुठंतरी फुटला, राजपुत्राचं लग्न लागलं, पाटी आली. लोक उठले, चपला शोधू लागले.

तेवढ्यात पडद्यावर पुन्हा गुहा आली. शिळेवरचा माणूस उठून बसला. त्यानं सगळ्यांकडे पाहिलं आणि हसला. पत्रे थरथरवणारं, भरदार हसणं. लोक जिथल्या तिथं उभे राहिले. पुढं कुठंतरी एक मूल रडू लागलं. हसणं संपेपर्यंत दाराकडे कुणी गेलं नाही.

"हे ते नाही," मंदावहिनी पडद्याकडे बघतच म्हणाल्या.

"नाही, वहिनी. हे आधीचं."

"हो. यात दाढी नीट चिकटलीय," त्या म्हणाल्या, आणि दिवे लागले.